आषाढातले देणे : क्रेडिट कार्ड आणि किनाऱ्यावरची पत

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर उधार घेणे आणि ते फेडणे हा व्यवहार महिन्याच्या हिशेबाने कधीच चालला नाही. तो हंगामाच्या हिशेबाने चालत आला. मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरांतला मच्छीमार जूनच्या आरंभी होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतो, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होईपर्यंत त्याच्या घरात रोकड अशी फारशी येत नाही; देवगडच्या आंबा बागायतदाराची वर्षाची मिळकत फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या तीन-साडेतीन महिन्यांत गोळा होते; तारकर्ली-देवबागच्या निवास-न्याहरीवाल्याचे गिऱ्हाईक दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात येते, आणि पाऊस लागून सिंधुदुर्ग किल्ल्याकडची होडीवाहतूक थांबली की त्याच्या खोल्या रिकाम्या पडतात. या सर्वांना बाजारपेठेतला दुकानदार निर्धास्तपणे उधार देत असे, कारण कोणाचा रापणीतला वाटा केवढा, कोणाच्या मुलाची मुंबईहून मनीऑर्डर नेमाने येते आणि कोणाचे घर चतुर्थीपर्यंत बेबाकी करते, हे त्याला पुरते ठाऊक असे. ही माहिती कोणत्याही सरकारी दप्तरात नव्हती. ती त्याच्या स्मरणात आणि लाल कापडात गुंडाळलेल्या वहीत होती, आणि ती वही गावाची हद्द ओलांडून कधी बाहेर जात नसे.

आज त्याच मच्छीमाराला होडीच्या यंत्रासाठी, त्याच निवासवाल्याला दोन खोल्या वाढवण्यासाठी कर्ज हवे असते तेव्हा तो कुडाळच्या वा कणकवलीच्या बँकेत दरख्वास्त घेऊन जातो, आणि तिथला अधिकारी, जो बहुधा परजिल्ह्यातून बदलून आलेला असतो, त्याच्या घराण्याची चौकशी न करता संगणकावर एक तीन अंकी आकडा पाहतो. हा आकडा ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. आणि ज्याने आयुष्यात कधी बँकेचे कर्ज घेतले नाही, म्हणजे जुन्या समजुतीने जो सर्वांत निष्कलंक, त्याच्या नावापुढे आकडाच नसतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निदेशात, केवळ पूर्वीची नोंद नाही एवढ्याच सबबीवर प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे बँकांना बजावले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही कोरा कागद आणि चांगला लिहिलेला कागद यांत अधिकारी कशाला झुकते माप देईल हे सांगायला नको. तेव्हा ही नोंद मुळात सुरू कशी करावी, आणि तिच्यासाठी क्रेडिट कार्ड घ्यायचे तर ते कोणते, हा प्रश्न आता मुंबईच्या पगारदाराइतकाच मालवणच्या किनाऱ्यालाही लागू झाला आहे.

या प्रश्नाची पाळेमुळे वाटतात त्याहून जुनी आहेत. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा त्यांनी सावकारांची घरे लुटण्यापेक्षा त्यांच्याकडचे कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर भर दिला, कारण देणे किती हे सांगणारा एकमेव दस्तऐवज देणेकऱ्याला वाचताही येत नव्हता आणि पाहायलाही मिळत नव्हता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, जो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, आणि ज्याने न्यायाधीशाला रोख्यावरील रकमेच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा पाया घातला गेला, तरी अर्ध्या शतकानंतर, १९५१ मध्ये नेमलेल्या गोरवाला समितीने, जिच्यात धनंजयराव गाडगीळही होते, देशभर पाहणी केली तेव्हा ग्रामीण कर्जात सहकाराचा हिस्सा अवघा ३.१ टक्के आढळला आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास. राष्ट्रीयीकृत बँका आणि ग्रामीण बँका मागाहून आल्या. परंतु कोण विश्वासार्ह हे ठरवण्याचे साधन बराच काळ जुनेच राहिले, म्हणजे ओळख, तारण आणि दोन जामीनदार.

नवे साधन परदेशातून आले. न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन यांनी १८४१ साली व्यापाऱ्यांच्या विश्वासार्हतेची माहिती जमवून विकण्याची पेढी काढली, आणि १९८९ पासून अमेरिकेत ही माहिती एका गणिती आकड्यात बसवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली स्वतःचे क्रेडिट कार्ड काढले होते, तरी अशा नोंदींचे मध्यवर्ती दप्तर २००० साली ‘सिबिल’च्या स्थापनेने उघडले, आणि २००५ च्या कायद्याने त्याला वैधानिक चौकट मिळाली. आज सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. प्रत्येक बँकेने या चारही दप्तरांत आपल्या कर्जदारांची माहिती रुजू करायची असते, आणि १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला देणे बंधनकारक झाले. म्हणजे दुकानदाराच्या वहीत जी नोंद वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि चतुर्थीला, तपासली जाई, ती आता महिन्यातून निदान दोनदा तपासली जाते.

या अहवालाचा कागद एकदा नीट न्याहाळावा, अशी माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे. प्रत्येक कर्जाच्या किंवा कार्डाच्या नावाखाली महिन्यांची एक पट्टी असते, गेल्या तीन वर्षांची, म्हणजे छत्तीस चौकटींची. आणि प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात देणे किती दिवस थकले याचा आकडा असतो. वेळेवर भरणा झाला तर तीन शून्ये. महिनाभर थकला तर तीस. त्याहून अधिक तर साठ, नव्वद. या पट्टीत हंगामाला स्थान नाही. वैशाखाची चौकट आणि आषाढाची चौकट एकाच मापाची आहे. मे महिन्यात ज्याच्या गल्ल्यात रोज हजारो रुपये पडले त्याची ती तीन शून्ये आणि जुलैत ज्याने घरातले किडूकमिडूक विकून भरणा केला त्याची तीन शून्ये, दोन्ही सारखीच. सबब किनाऱ्यावरच्या माणसाने कार्ड निवडताना आपल्या चांगल्या महिन्याकडे पाहूच नये, आपल्या सर्वांत ओढगस्तीच्या महिन्याकडे पाहावे, हे माझे या विषयातील मुख्य म्हणणे आहे, आणि मर्यादा, प्रकार, बँक हे पुढचे सर्व निर्णय त्यातूनच निघतात.

प्रथम मर्यादेविषयी. बँकेचा प्रतिनिधी अधिक मर्यादेचे कार्ड हा सन्मान असल्यासारखे बोलतो, आणि मर्यादा मोठी असली तर आकडा सुधारतो हेही अंशतः खरे आहे, कारण दिलेल्या मर्यादेच्या तीस टक्क्यांहून कमी वापर असणे चांगले समजले जाते. परंतु नवशिक्याच्या हाती मोठी मर्यादा देण्यातला धोका एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, तारकर्लीच्या एका निवासवाल्याने मेच्या उत्साहात गाद्या, पंखे आणि बॅटरी मिळून ४०,००० रुपयांची खरेदी कार्डावर केली, आणि पाऊस लागल्यावर पूर्ण रक्कम भरणे जमेना म्हणून बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’, ढोबळमानाने पाच टक्के म्हणजे २,००० रुपये, भरली. दरमहा साडेतीन टक्के दराने, जो या कार्डांवर मुळीच अपवादात्मक नाही, महिन्याचे व्याज १,४०० रुपये झाले. त्यावर अठरा टक्के वस्तू-सेवा कर २५२ रुपये. म्हणजे २,००० पैकी १,६५२ रुपये व्याजात आणि करात गेले आणि मुद्दलातून फिटले अवघे ३४८. वर, शिल्लक बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे चतुर्थीसाठी त्याच कार्डावर आणलेल्या वाणसामानावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागले. किमान रक्कम वेळेवर भरल्याने चौकटीत शून्ये पडतात हे खरे, आणि म्हणूनच हा मार्ग फसवा आहे. कागद स्वच्छ दिसत राहतो आणि घर पोखरले जाते.

दामदुप्पटीच्या जुन्या नियमाप्रमाणे सावकाराला एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. दरमहा साडेतीन टक्क्यांनी चक्रवाढ चालली तर रक्कम साधारण वीस महिन्यांत दुप्पट होते, आणि इथे तसे कुंपण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दरसाल दरशेकडा तीस रुपयांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. कायद्याने कुंपण घातलेले नाही तिथे ते ऋणकोने स्वतः घालावे लागते, आणि त्याचे सर्वांत सोपे रूप म्हणजे आषाढात जेवढी रक्कम एकरकमी भरता येईल तेवढ्याच मर्यादेचे पहिले कार्ड घेणे. बँकेने मर्यादा अधिक दिली तरी ती कमी करून मागता येते.

असे कार्ड कोणते? ज्याच्यापाशी पगाराची पावती आहे, म्हणजे शिक्षक, सरकारी कर्मचारी, गोव्यात किंवा मुंबईत नोकरीला असलेला तरुण, त्याला आपले पगाराचे खाते असलेल्या बँकेचे, वार्षिक शुल्क नसलेले साधे कार्ड पुरे आहे, आणि त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. पगाराची पावती नसलेल्यासाठी, आणि किनाऱ्यावर बहुसंख्य असेच, मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. बँकेत दहा-वीस हजारांची मुदत ठेव ठेवायची, तिच्यावर बँक आपला हक्क नोंदवते आणि ठेवीच्या काही टक्के, बहुधा पाऊणहून अधिक, मर्यादेचे कार्ड देते. ठेवीवरचे व्याज चालू राहते. उत्पन्नाचा दाखला सहसा मागितला जात नाही. आणि चारही दप्तरांत हे कार्ड इतर कार्डांप्रमाणेच नोंदले जाते. चांगल्या हंगामात बाजूला काढलेली पुंजी या रीतीने नोंदीचेही काम करते. मात्र ठेव आहे म्हणून निष्काळजी राहणे चुकीचे. देणे थकले तर बँक ठेवीतून वसुली करील, पण थकलेल्या महिन्यांच्या चौकटी ठेवीने पुसल्या जात नाहीत. जिल्हा मध्यवर्ती बँकेत किंवा गावच्या नागरी बँकेत खाते असले तरी ती स्वतःचे कार्ड देतेच असे नाही, तेव्हा त्यासाठी एखाद्या राष्ट्रीयीकृत वा मोठ्या बँकेत खाते उघडावे लागेल. शाखा मालवणात वा कुडाळात, जाता-येता गाठता येईल अशी असावी. काही कार्डकंपन्या ठरावीक पिनकोडांपलीकडे कार्ड देत नाहीत, आणि वाडीच्या नावावरून टपाल पोचवणाऱ्या आपल्या गावांना याचा अनुभव येतो.

कार्डाचे जाळे रुपेचे असावे, असे मी इथे आवर्जून सुचवीन, आणि त्यामागे निव्वळ स्वदेशीचा विचार नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, आणि मालवणच्या बाजारात, जिथे कार्ड घासण्याचे यंत्र मोजक्याच दुकानांत सापडेल, तिथे क्यूआरचा चौकोन मसाल्याच्या दुकानापासून खाणावळीपर्यंत पोचलेला आहे. व्यापाऱ्याच्या नावाने नोंदलेल्या क्यूआरवर हे चालते. एखाद्याच्या खाजगी खात्यावर रक्कम पाठवण्यासाठी चालत नाही. नोंद तयार व्हायची तर कार्ड वापरले गेले पाहिजे, आणि वापरासाठी अनावश्यक खरेदी करण्यापेक्षा रोजचे किराणासामान, विजेचे बिल, डिझेल असा ठरलेला खर्च त्यावर टाकणे केव्हाही श्रेयस्कर. बक्षीस-गुण, विमानतळावरील विश्रामकक्ष, चित्रपटाच्या तिकिटावरील सूट यांचा पहिल्या कार्डाच्या निवडीशी काडीचा संबंध नाही. कार्डावरून रोकड काढणे तर टाळलेच पाहिजे. तिला बिनव्याजी मुदत नसते आणि शुल्क वेगळे.

एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १०,००० मर्यादेच्या कार्डावर निवासवाल्याने पाहुण्यांसाठी ९,००० चे सामान आणले आणि बिल आल्यावर पैन्‌पै भरले, तरी दप्तरात ज्या दिवशी माहिती गेली त्या दिवशी नव्वद टक्के वापर दिसू शकतो, आणि आकडा खाली येतो. उपाय सोपा आहे : हंगामात हाती पैसे आले की बिल तयार होण्याची वाट न पाहता मधेच भरणा करावा. बिलाची तारीख आपल्या सोयीची मागून घेण्याची मुभाही रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निदेशांनी दिली आहे. शक्य तर खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप वळती करण्याचा हुकूम बँकेला द्यावा, आणि पावसाळ्यापूर्वी त्या खात्यात दोन महिन्यांची बेगमी ठेवावी. जसे घरोघर आगोटीला तांदूळ, सुके मासे, मीठ भरून ठेवतात तसे.

या सर्व चर्चेत एक कार्ड बहुतेक शहरी सल्लागार विसरतात, आणि किनाऱ्याच्या दृष्टीने ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झाले, आणि २०१८-१९ च्या अर्थसंकल्पाने ते मच्छीमार व पशुपालकांपर्यंत नेले. त्याची परतफेड महिन्याच्या नव्हे तर पिकाच्या आणि हंगामाच्या मुदतीने बांधलेली असते. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजसवलत धरून प्रत्यक्ष दर वर्षाला सुमारे चार टक्के पडतो. आणि जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण मागू नये असा दंडक आहे. शिवाय हे बँकेचे कर्ज असल्यामुळे त्याचीही नोंद दप्तरात होते. दुकानातल्या खरेदीचे कार्ड आणि हे कार्ड यांच्या नावात साम्य असले तरी प्रकृती निराळी आहे; मात्र ज्याच्या नावावर सातबारा आहे किंवा मासेमारीचा परवाना आहे त्याने नोंदीचे पहिले पान याच कार्डाने उघडावे, वर्ष-दोन वर्षे ते मुदतीत फिरवावे, आणि मगच हवे तर लहान मर्यादेचे दुसरे कार्ड घ्यावे. हंगामी उत्पन्नाचा माणूस हंगामी परतफेडीच्या कर्जात विश्वासार्ह ठरतो. त्याला प्रथमच मासिक बिलाच्या कसोटीला लावणे अन्यायाचे आहे.

उलट, ज्या व्यवहारांवर गावात पत ठरते त्यांतले काही दप्तरापर्यंत पोचतच नाहीत. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाच्या अखत्यारीत असतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. तेथे वर्षानुवर्षे हप्ते चोख भरलेल्या माणसाची सचोटी कुडाळच्या बँकेच्या संगणकात सहसा उमटत नाही. जामीनकीचे मात्र तसे नाही. बँकेच्या, सहकारी बँकेच्यासुद्धा, कर्जाला आपण जामीन राहिलो तर ते कर्ज आपल्याही अहवालात येऊ शकते, आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर डाग आपल्यालाही लागतो. शेजारधर्म म्हणून, भावकीचा शब्द मोडवत नाही म्हणून, मजकूर न वाचता सही करणारे कितीतरी सज्जन आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

स्त्रियांची स्थिती याहून नाजूक. खाणावळीचा, सोलकढी-मसाल्याचा, मासळीविक्रीचा व्यवसाय जिच्या हातावर उभा आहे तिचे घर, वीजजोडणी, कर्ज सारे नवऱ्याच्या नावावर असते, आणि नवऱ्याने आपल्या कार्डावर तिला जोडकार्ड काढून दिले तरी त्याची नोंद सामान्यतः मूळ धारकाच्याच नावे होते. तिच्या स्वतःच्या नावाची, लहानशी का होईना, मुदत ठेव आणि त्यावरचे कार्ड, एवढ्याने तिची स्वतंत्र नोंद सुरू होते; साधारण सहा महिन्यांत आकडा दिसू लागतो. हे काम मुलाने किंवा मुलीने आईसाठी करून द्यावे.

एका वेळी अनेक बँकांकडे अर्ज करू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी दप्तरात उमटते. न मागितलेले कार्ड घरी आले तर ते सुरू करू नये, आणि सुरू न केलेल्या कार्डाची नोंद पाठवण्याची बँकेला मुभा नाही. जुने, बिनशुल्क कार्ड बंद करण्याची घाई नको. शुल्काचे नको असलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला आणि काही बाकी नसली तर सात कामकाजी दिवसांत ते बंद झाले पाहिजे, अन्यथा पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने द्यायचे असतात. तडजोडीने रक्कम कमी करून खाते मिटवले तर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, तो वर्षानुवर्षे आडवा येतो. शक्य असेल तर उरलेली रक्कमही भरून बेबाकीचा दाखला घ्यावा.

सुप्याच्या शेतकऱ्याला जो कागद पाहायला मिळत नव्हता तो आज आपल्याला पाहता येतो, आणि या अधिकाराचा उपयोग आपण फारच थोडा करतो याचे मला दुःख आहे. २०१७ पासून दप्तर ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीने वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसे पुष्कळ. कोणी शाळेच्या दाखल्यावर गावावरून पडलेले आडनाव लावतो आणि आधारवर मूळ आडनाव, आणि त्यातून एकाचे कर्ज दुसऱ्याच्या खतावणीत चढण्याचा संभव राहतो. तेव्हा पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच करून घ्यावे, आणि पावसाळ्याच्या निवांत दिवसांत चारही अहवाल मागवून ओळ न् ओळ तपासावी. चूक आढळली तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आहे, आणि तेवढ्याने भागले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तक्रारीची पोच, तारखेसह, जपून ठेवावी. दिवसांची गणती तिच्यावरूनच होते.